पाणी किती वाजता येईल?

विश्वामित्रीला पूर आला की बडोद्यात घरोघरी दोन प्रश्न फिरायला लागतात. आजव्याचं पाणी सोडलं का? आणि आपल्याकडे ते किती वाजता येईल? पहिल्याचं उत्तर बातम्यांत मिळतं. दुसऱ्याचं उत्तर जो तो आपल्या अनुभवावरून देतो, आणि ते दर वेळी थोडंफार चुकतं. कारण दर वेळी पाऊस वेगळ्या ठिकाणी पडलेला असतो, नदीकाठी नवी बांधकामं उभी राहिलेली असतात आणि कुठली कांस तुंबली आहे, तेही बदललेलं असतं.

२०२४ च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. नदीची धोक्याची पातळी २६ फूट. त्या आठवड्यात ती ३५ फुटांच्याही वर गेली. लष्कर बोलवावं लागलं. काही भागांत पाणी दोन-तीन दिवस हटलं नाही, आणि मगरी थेट वस्तीत आल्या. त्याआधी २०१९ मध्ये, ३१ जुलैला, एका दिवसात ४०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. म्हणजे हा प्रश्न काही पन्नास वर्षांतून एकदा पडणारा राहिलेला नाही.

मी मकरपुऱ्यात राहतो. ऑफिसात माझं काम म्हणजे पाण्याच्या आणि हवेच्या प्रवाहाची गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर लिहिणं. आमच्या तळमजल्यावरच्या काकांना हे माहीत आहे. त्या दिवसांत ते जिन्यात भेटले आणि म्हणाले, "अरे, तू हेच करतोस ना? मग सांग, आपल्याकडे पाणी किती वाजता?" ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या आई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना वरच्या मजल्यावर न्यायचं तर चार माणसं हवीत. ती आत्ता रात्रीच बोलवायची की सकाळी चालेल, एवढंच त्यांना ठरवायचं होतं.

"काका, आत्ताच नेऊ या," असं म्हणून आम्ही आजींना वर नेलं. हा शेजारधर्म झाला, गणित नव्हे. पण असा प्रश्न कुणी विचारला तर घड्याळातली वेळ सांगता येण्यासाठी काय काय लागतं, हे मी त्यानंतर पुष्कळांना समजावून सांगितलं आहे. आपल्या मंडळातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनाही ते कळावं, म्हणून आज लिहितो आहे.

पाणी कसं वाहतं, हे भौतिकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. समीकरणं जुनी आहेत. पण वळणं, पूल, रस्ते, भिंती असलेल्या खऱ्या शहरासाठी ती कागदावर सुटत नाहीत. म्हणून शहराच्या नकाशावर चौकोनी जाळी टाकायची. प्रत्येक चौकोनात जमिनीची उंची, पाण्याची खोली आणि पाण्याचा वेग लिहायचा. मग प्रत्येक चौकोनाने आपल्या चार शेजाऱ्यांकडे पाहून ठरवायचं, की पुढच्या क्षणी माझ्याकडे किती पाणी येईल आणि किती जाईल. असे क्षणामागून क्षण मोजत जायचे.

आता जरा आकडे घालून पाहू. बडोद्याभोवतीचा २० किलोमीटर बाय २० किलोमीटरचा पट्टा घेतला आणि चौकोन १० मीटरचा धरला, तर ४० लाख चौकोन होतात. वेळेचा टप्पा किती घ्यायचा, यालाही नियम आहे. पाच मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला सुमारे सात मीटर जाते, त्यात प्रवाहाचा वेग मिळवायचा. एका टप्प्यात लाटेने एका चौकोनापेक्षा जास्त उडी मारता कामा नये, नाहीतर उत्तर बिघडतं. कुरांट, फ्रीडरिख्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी १९२८ मध्ये ही अट मांडली. तिच्याप्रमाणे आपल्याला साधारण एक सेकंदाचा टप्पा घ्यावा लागेल. दोन दिवसांचा पूर म्हणजे १,७२,८०० सेकंद. त्याला ४० लाखांनी गुणा. सुमारे ७०,००० कोटी वेळा तोच हिशेब करायचा.

लॅपटॉपमधल्या प्रोसेसरचा एक कोअर सेकंदाला एक कोटी चौकोन उरकतो असं धरलं, तर याला १९ तास लागतील. दोन दिवसांच्या पुराचं उत्तर १९ तासांनी मिळणार. वाईट, पण अगदीच निरुपयोगी नाही. मात्र १० मीटरच्या चौकोनात आपल्या गल्ल्या दिसत नाहीत. गल्ली, कुंपणाची भिंत, कांस हे सगळं एकाच चौकोनात गडप होतं. म्हणून चौकोन पाच मीटरचा केला. आता चौकोन चौपट झाले आणि वेळेचा टप्पा निम्मा झाला, म्हणजे काम आठपट. १५४ तास. सहा दिवसांहून जास्त. तोपर्यंत पूर येऊन ओसरलेला असेल, घरं धुऊन झाली असतील आणि आपल्याला कॉम्प्युटर सांगेल की पाणी गेल्या मंगळवारी येणार होतं!

म्हणून काम वाटून घ्यावं लागतं. नकाशा आडवा आठ आणि उभा आठ असा कापला की ६४ तुकडे होतात. ६४ कोअर कामाला लावले तर १५४ तासांचं काम अडीच तासांच्या आत येतं. आता "किती वाजता" या प्रश्नाला अर्थ उरला.

वाचायला हे सोपं वाटतं, कारण वाटणी आपण रोज करतो. लग्नघरात शंभर माणसांच्या पोळ्या लाटायच्या असल्या तर चार जणी चार पोळपाट घेऊन बसतात. एकीची पोळी दुसरीवर अवलंबून नसते. भौतिकशास्त्रातही असे प्रश्न आहेत. आपल्या मकरपुरा रोडवर ओएनजीसीचं मोठं कार्यालय आहे. तेल शोधताना जमिनीत धक्के देऊन परत येणाऱ्या कंपनांची नोंद करतात. अशा हजारो धक्क्यांच्या नोंदींवरचं बरंचसं सुरुवातीचं काम वेगवेगळं करता येतं आणि नंतर एकत्र जोडता येतं. पाण्याचं तसं नाही. नकाशावर मी मारलेली रेघ नदीला ठाऊक नसते. मांजलपूरच्या तुकड्यातून निघालेलं पाणी पुढच्या सेकंदाला मकरपुऱ्याच्या तुकड्यात यायलाच हवं, आणि जितकं तिथून निघालं तितकंच इथे यायला हवं. एक थेंब कमी नाही, जास्त नाही. दोन्ही तुकड्यांनी सामाईक रेघेवरचा हिशेब वेगळा केला तर कॉम्प्युटरमध्ये पाणी हवेत विरतं किंवा कुठूनतरी उगवतं.

यावरचा उपाय साधा आहे. प्रत्येक तुकड्याने आपल्या चारही कडांना एकेक जास्तीची ओळ ठेवायची. त्या ओळीत शेजाऱ्याच्या कडेवरचे आकडे उतरवून घ्यायचे. मग आपला सगळा हिशेब करायचा आणि पुढच्या टप्प्याआधी पुन्हा कडेचे आकडे बदलून घ्यायचे. शेजाऱ्याच्या घरात आत काय चाललं आहे, ते जाणून घ्यायची गरज नाही. फक्त कडेवरचं कळलं की पुरे. आपल्या उदाहरणात एका तुकड्यात ५०० बाय ५००, म्हणजे अडीच लाख चौकोन आहेत. देवाणघेवाण होते ती फक्त चार कडांवरच्या सुमारे २,००० आकड्यांच्या जागांची. शेकडा एकसुद्धा नाही. एवढ्याशा बोलण्यावर ६४ जणांचं काम एकसंध राहतं. पण ते थोडंसं बोलणं प्रत्येक टप्प्याला, न चुकता आणि वेळेवर झालंच पाहिजे.

ही युक्ती कॉम्प्युटरहून जुनी आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये आकडेमोड करून हवामान सांगण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. त्याने स्वतः २० मे १९१० या दिवसाचं सहा तासांचं हवामान हाताने मोजून पाहिलं. त्याला जवळपास सहा आठवडे लागले आणि उत्तरही भलतंच आलं. तरी त्याने एक कल्पना मांडली. एका प्रचंड नाट्यगृहाच्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा रंगवलेला आहे. ६४,००० माणसं आपापल्या प्रदेशाजवळ बसून आकडेमोड करत आहेत. प्रत्येकाचा ताजा आकडा छोट्या पाटीवर झळकतो, म्हणजे शेजाऱ्याला तो वाचता येतो. मधोमध उंच खांबावर एक मुख्य माणूस आहे. जे पुढे पळतात त्यांच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जे मागे पडतात त्यांच्यावर निळा. आज आमच्या प्रोग्रॅममध्ये पाट्या नाहीत आणि दिवेही नाहीत, पण कामं तीच आहेत: आपला हिशेब करा, कड शेजाऱ्याला दाखवा, सगळ्यांच्या बरोबरीने चाला.

रिचर्डसनच्याही आधी, १८७० मध्ये, हेर्मान श्वार्त्झ या जर्मन गणितज्ञाने एक वर्तुळ आणि एक आयत एकमेकांत घुसवून, किल्लीसारख्या आकारावर प्रश्न सोडवला होता. वर्तुळाचा प्रश्न सोडवता येत होता आणि आयताचाही, पण जोडआकृतीचा नाही. म्हणून त्याने आधी वर्तुळ सोडवलं. तिथून मिळालेले कडेवरचे आकडे घेऊन आयत सोडवला, ते आकडे घेऊन पुन्हा वर्तुळ. असं आलटून पालटून करत गेलं की दोघांची उत्तरं एकमेकांशी जुळतात, हे त्याने सिद्ध केलं. त्याला यंत्रासाठी काही करायचं नव्हतं. आज ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता किंवा पुलावरचा ताण मोजणारे प्रोग्रॅम त्याच्या याच पद्धतीची नातवंडं वापरतात.

या गोष्टीत बडोद्याचाही एक धागा आहे, आणि तो आपल्या मुलांना माहीत असावा. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर नागपूरहून बी.ई. झाले आणि पुढचं अभियांत्रिकीचं पदव्युत्तर शिक्षण त्यांनी आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात घेतलं. ते वर्ष १९६८. पुढे १९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता, पण अमेरिकेने आडकाठी केली. हवामानाच्या कामासाठी क्रे कंपनीचा एक संगणक मिळाला, तोही अटींसह. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि भटकरांनी त्याची धुरा घेतली. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता त्यांनी पुष्कळ साधे प्रोसेसर एकमेकांना जोडले. १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्याआधी १९८६ मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत फ्लोसॉल्व्हर हे अशाच धर्तीचं यंत्र हवेच्या प्रवाहाच्या गणितांसाठी तयार झालं होतं.

परम ८००० मध्ये ६४ प्रोसेसर होते, आणि ते ट्रान्सप्युटर नावाच्या चिपचे होते. या चिपची खुबी अशी की तिच्यावरच चार दुवे होते, शेजारच्या चार चिपशी बोलायला. नकाशाच्या चौकोनाला चार बाजू आणि चिपला चार दुवे. कडेचे आकडे थेट शेजाऱ्याकडे जाणार. बलाढ्य एकट्यापेक्षा एकमेकांशी नीट बोलणारे साधे पुष्कळ जण मोठं काम करू शकतात, हे त्या यंत्राने देशाला दाखवून दिलं. त्याच्या ६४ प्रोसेसरांनी मिळून जे केलं, त्याहून जास्त आज आपल्या खिशातला फोन करतो. पण वाटणीची रीत अजून तीच आहे.

मग वाट्टेल तितके तुकडे का करू नयेत? कारण तुकडा लहान झाला की त्यात कडच जास्त उरते. शंभर बाय शंभर बाय शंभर चौकटींचा एक ठोकळा घ्या. त्याचे आठ तुकडे केले तर प्रत्येकात सव्वा लाख चौकटी, आणि पृष्ठभागावर असतात सुमारे १४,४००. म्हणजे नवातली एक. पण हजार तुकडे केले तर प्रत्येकात हजार चौकटी आणि त्यांतल्या ४८८ पृष्ठभागावर. जवळपास अर्ध्या! आता कामापेक्षा बोलणंच जास्त होतं, आणि प्रोसेसर वाढवूनही वेळ वाचत नाही.

दुसरी अडचण वाटणीच्या न्यायाची. ६४ तुकडे सारख्या आकाराचे केले म्हणजे काम सारखं झालं, असं नाही. कोरड्या चौकोनात हिशेब जवळपास नसतोच. ज्या तुकड्यातून विश्वामित्री जाते तो घाम गाळतो आणि उंचावरचा तुकडा हातावर हात ठेवून बसतो. सगळ्यांनी मिळून पुढच्या टप्प्यावर जायचं असल्याने सगळ्यांचा वेग सगळ्यांत मागे असलेल्याइतकाच होतो. म्हणून जमीन सारखी न वाटता काम सारखं वाटावं लागतं. नदीकाठी लहान तुकडे, उंचावर मोठे. पाणी पसरत गेलं की वाटणीही बदलायची.

हे सगळं हाताने करून पाहायचं असेल तर गणेशोत्सवात मुलांच्या कार्यक्रमाला एक खेळ ठेवा. मी घेतला आहे, तिसरी-चौथीच्या मुलांनाही जमतो, फक्त भागाकाराला मोठं कुणीतरी हवं. चार मुलं एका रांगेत उभी करा. डाव्या टोकाला १०० ची पाटी, उजव्या टोकाला ० ची. चौघांच्या हातात सुरुवातीला ०. टाळी वाजली की प्रत्येकाने दोन्ही शेजाऱ्यांच्या आकड्यांची बेरीज करून निम्मी करायची आणि ती आपल्या पाटीवर लिहायची. पहिल्या टाळीनंतर ५०, ०, ०, ०. दुसऱ्या टाळीनंतर ५०, २५, ०, ०. तिसऱ्यानंतर ६२.५, २५, १२.५, ०. चौथ्या मुलाच्या पाटीवर काही येतं ते चौथ्या टाळीला: ६.२५. वीसेक टाळ्यांनंतर रांग ८०, ६०, ४०, २० च्या अगदी जवळ येऊन थांबते. एका टोकाला तापवलेल्या लोखंडी सळईचं तापमान असंच उतरत जातं. कुणालाही पूर्ण सळई दिसलेली नाही, प्रत्येकाने फक्त शेजारी पाहिला, तरी सगळ्यांचं मिळून बरोबर उत्तर आलं.

पण त्या खेळात मुलांच्या लक्षात आणखी एक गोष्ट येते. टोकाच्या दोन पाट्या नसत्या तर? तर सगळे शून्यावरच उभे राहिले असते. आतल्या आत कितीही नीट बोललं, तरी बाहेरच्या टोकाला खरा आकडा कुणीतरी द्यावाच लागतो. पुराच्या प्रश्नातही खरी गोम इथेच आहे. मधल्या तुकड्यांना शेजारी असतात. नकाशाच्या बाहेरच्या कडेला शेजारी नसतो. तिथे आजव्याहून किती पाणी येतं आहे, पावागढाकडे किती पाऊस झाला, खाली ढाढर नदी किती भरली आहे, हे बाहेरून आणावं लागतं. पावसाचा अंदाज हवामानाच्या मोठ्या गणितातून येतो. तेही असंच तुकड्यांनी सोडवलं जातं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम २०२५ च्या मे महिन्यापासून वापरात आली. तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे. आधीच्या १२ किलोमीटरपेक्षा हे पुष्कळच बारीक. पण मकरपुरा ते स्टेशन या अंतरात तिचे एक-दोनच चौकोन बसतात. आपली गल्ली त्यात दिसणार नाही. मोठ्या जाळीने पाऊस सांगायचा आणि शहराच्या बारीक जाळीने पाणी कुठे जाईल ते सांगायचं. तुकड्यांची ही आणखी एक वाटणी, आणि इथेही सगळा भरवसा कडेवरच्या आकड्यांवर.

दुसरी गरज जमिनीच्या उंचीची. उपग्रहावरून मिळणाऱ्या मोफत नकाशांत उंचीची चूक काही मीटरची असू शकते. आपलं शहर सपाट, आणि आपला प्रश्न पाणी घरात तीन फूट येईल की ओट्यावरच थांबेल, एवढ्या बारीक फरकाचा. तो फरक त्या नकाशात दिसतच नाही. त्यासाठी जमिनीची नीट मोजणी लागते, आणि हिशेब बरोबर येतो की नाही हे तपासायला जुन्या पुराच्या खऱ्या खुणा लागतात.

त्या खुणा आज आपल्या घरांत आहेत. २०२४ चं पाणी जिथवर चढलं होतं तिथे अनेकांच्या भिंतींवर अजून पिवळट रेघ आहे. काहींनी ती दिवाळीत रंगवून टाकली. ज्यांची उरली आहे त्यांनी रंगाऱ्याला बोलावण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. टेप लावून रस्त्यापासून रेघेची उंची मोजावी आणि पत्त्यासह लिहून ठेवावी. आणि घरातल्या मोठ्यांना विचारून पाणी साधारण किती वाजता उंबऱ्याशी आलं, किती वाजता थांबलं, तेही लिहावं. जुने फोटो असतील तर ते कितीला काढले हे फोनमध्येच सापडतं. आमच्या काकांनी त्यांच्या दाराच्या चौकटीवर खिळ्याने खूण केली आहे आणि शेजारी तारीख व वेळ कोरली आहे. मंडळातल्या शंभर घरांनी एवढं केलं तर बडोद्याच्या पुराचा हिशेब तपासायला शंभर खरे आकडे मिळतील. कोअर भाड्याने मिळतात, प्रोग्रॅम आम्ही लिहू. हे आकडे मात्र ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांच्याकडेच आहेत.